वैनी, ती नुसती भीती नव्हती

वैनी, ती गाडी थांबणारच होती. तुम्ही स्टँडच्या फाटकातून येताना कंडक्टरनं तुम्हाला बघितलं होतं. तो नंतर दादाच्या दुकानात येऊन हे सांगून गेला. खुर्ची दिली तरी बसला नाही. "मॅडमला पळायची गरजच नव्हती हो," एवढंच परत परत म्हणत होता. पण तुम्ही पळालात. हातात पिशवी, पायात साधी सँडल, आणि समोर लातूरची गाडी. माकणीला आईकडं निघाला होता, नवी तूरडाळ आणायला. तुमच्या शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं, तुम्ही बसलात, तोंड पुसलंत आणि हसून म्हणालात, "लई दिवसांनी पळाले बघा." मग खिडकीच्या गजाला डोकं टेकवलंत. तिला वाटलं, डोळा लागला. ढोकीला गाडी थांबली तेव्हा तिनं तुम्हाला हलवलं.

भेटायला येणारे म्हणतात, त्रास झाला नाही, पुण्यवान होती. मी मान हलवते. पण माझं मन अजून त्या फाटकापाशीच उभं आहे. तिथनं तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं, सावकाश या, गाडी कुठं जात नाही.

मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. दादा दुकान बंद करून यायला जरा उशीर झाला की मी ओट्यावर येऊन उभी राहते. तुम्ही मला काळजीबाई म्हणायचा. "कल्पू, तुझ्या काळजीवर मोटार लावली तर सगळ्या कळंबला पाणी पुरंल," असं म्हणून हसायचा. आता हसणारं माणूस गेलं आणि काळजी तेवढी राहिली. त्यात गेल्या महिन्याभरात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सांगते. पण माझ्या पद्धतीनं, पार मागच्यापासून.

दादासाठी तुम्हाला बघायला आम्ही माकणीला आलो होतो, तो दिवस आठवतो? मी कॉलेजात होते. तुम्ही पोह्याचं ताट समोर ठेवलंत आणि कुणी नाव विचारायच्या आत म्हणालात, "मी पळते. राज्याला पहिली आलेय. लग्न झालं तरी पळणार. चालत असंल तर पोहे खावा, न्हाईतर राहू द्या." तुमच्या वडलांनी डोळे मिटून घेतले. दादानं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. आईनं बशी उचलली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय." झालं, लग्न ठरलं. परत येताना गाडीत आई म्हणाली, "पोरीच्या हातातलं ताट थरथरत होतं. पण बोलली बघ." आईची पसंती ही अशी.

ती थरथर आम्ही सगळ्यांनी तेव्हापासून भीतीच्या खात्यात टाकली. तुमच्या गावानंही टाकली होती. तुमचे सर लग्नात सगळ्यांना सांगत होते, पहिल्या शालेय स्पर्धेत तुम्ही मंडपामागं लपून बसला होता. त्यांनी हाताला धरून ओढून आणलं, रेघेवर उभं केलं आणि बाकीच्या पोरी अर्ध्यात असताना तुम्ही दोरी तोडलीत. धरणाच्या भिंतीवर पहाटे तुम्ही पुढं पळत असायचा आणि वडील सायकलवर मागं. आठशे मीटर, मग पंधराशे, मग पाच हजार. अंतर का वाढवत गेलात असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "भीती पहिल्या दोन चकरा माझ्यासंगं पळती. मग तिला दम लागतो. म्हणून मला लांबचं बरं पडतं."

मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर पुण्याला स्पर्धेला आले, ते मला विसरता येत नाही. राज्याची पाच हजारांची शर्यत होती. लग्नानंतरची तुमची पहिलीच. तंबूत बाकीच्या मुली पायांना तेल चोळत होत्या आणि तुम्ही बाहेर जाऊन ओकून आला होता. मी पाण्याची बाटली घेऊन उभी. तुम्ही माझा हात धरलात आणि छातीवर ठेवलात. आत काय चाललं होतं ते मला आजही तळव्याला कळतं. धडधड नव्हती ती. धडधडीला एक ताल असतो. हे म्हणजे पोत्यात कोंडलेली कोंबडी.

"वैनी, हे असं असतं?"

"असंच असतं. हे झालं न्हाई तर मी हारते."

"दुखतं का?"

"न्हाई गं. थोडी डोळ्यापुढं अंधारी येती. बंदूक वाजली की बसतं आपोआप."

बंदूक वाजली आणि मी पाठ फिरवली. मला बघवेना. साऱ्या शर्यतभर मी एका चहावाल्याच्या किटलीकडं बघत उभी होते. तोच मला सांगत होता, "निळी बनियन तिसरी हाय... अजून तिसरी... ताई, आता ती सुटली." ओरडा झाला तेव्हा मी वळले. तुम्ही रेघेपलीकडं गुडघ्यावर हात ठेवून उभ्या होता. मागं बरंच अंतर मोकळं होतं, मग दुसरी मुलगी. तुम्ही मला शोधत होता. सापडल्यावर पहिलं काय विचारलंत? "बघितलंस का?" मी हो म्हणाले. तुम्ही त्या चहावाल्याकडं बघून हसलात. त्यानं तुम्हाला पैसे न घेता चहा दिला.

नंतर तनू झाली. सगळ्यांना वाटलं, आता संपलं. आईलाच वाटलं नाही. ती सकाळी तनूला काखेत घेऊन मैदानावर येऊन बसायची आणि तुमची फेरी झाली की बाजरी राखणाऱ्यासारखी हाळी द्यायची. दहा हजारांत तुम्ही परत राज्याला पहिल्या आलात. पेपरात फोटो आला, त्यात तुमच्या गळ्यात पदक आणि कडेवर पोर. आईनं तो देवघराशेजारी लावला. अजून आहे. आता त्याच्याकडं बघायला नको वाटतं आणि काढायलाही नको वाटतं.

आपलं भांडण तिथनं सुरू झालं, खरं तर. मी म्हणत होते डॉक्टरला दाखवा. पाठच घेतली होती मी. शेवटी वैतागून तुम्ही कळंबातच दाखवून आलात. छातीला तारा लावल्या, पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, खेळाडूचं काळीज आहे, सावकाश चालतं, लाखात एक. तुम्ही घरात पाऊल ठेवताच ओरडलात, "काळजीबाई, लाखात एक हाय म्हणत्यात!" त्या दिवशी मी शिरा केला. मला खरंच वाटलं की सुटलो. डॉक्टरांचंही काही चुकलं नव्हतं, हे आता कळतं. तुम्ही तिथं पलंगावर शांत झोपला होता. ते दुखणं झोपलेल्या माणसात दिसतच नाही.

मग ती राष्ट्रीय स्पर्धा. दहा हजार मीटर, शेवटच्या काही फेऱ्या उरलेल्या, तुम्ही पहिल्या दोघींत. आणि तुम्ही चालत आतल्या गवतावर गेलात आणि खाली बसलात. पडला नाहीत, लचकला नाहीत. नुसत्या बसलात. पेपरवाल्यानं लिहिलं, ऐनवेळी कच खाल्ली. कळंबात, माकणीत सगळीकडं तेच. मुळातच भित्री, मोठ्या मैदानावर टिकली नाही. तुम्ही परत आलात तेव्हा दादानं हातातली बॅग घेतली. आईनं भाकरी वाढली. मी मात्र वर गच्चीवर तुमच्यामागं आले.

"पाय होते," तुम्ही म्हणालात. "दमबी होता. पण आतलं कायतरी एकदम निराळंच पळायला लागलं, कल्पू. माझ्या पायाशी त्याचा कायसुदिक संबंध नव्हता."

"मग चला सोलापूरला. मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"आन् त्यानं बंद कर म्हणलं तर?"

"तर बंद करायचं."

"तू सांगतीस बंद करायला. तुला कधी कशात पहिली यायचंच नव्हतं."

ते मला लागलं. तुम्हालाही कळलं असणार, कारण खाली जाताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. पण विषय तिथंच राहिला. तुम्ही स्पर्धा सोडलीत, आपणहून. शाळेत खेळाच्या बाई म्हणून लागलात. कुणी विचारलं तर हसून सांगायचा, "भ्याले मी. जमलं न्हाई." मला तेव्हा राग यायचा की हे का कबूल करता. आता वाटतं, भित्री म्हणवून घेणं तुम्हाला परवडत होतं, आजारी म्हणवून घेणं नव्हतं. भित्र्या माणसाला उद्या परत पळता येतं. खरं का, वैनी? का मीच आता बसून तुमच्या तोंडी हे घालते आहे?

रागावले असेन तुमच्यावर, पण एक गोष्ट मी मरेपर्यंत विसरणार नाही. बार्शीला माझ्या सासरी काय चाललं होतं ते मी फोनवर कुणालाच सांगत नव्हते. आईलाही नाही. तुम्ही एका दुपारी अचानक दारात उभ्या राहिलात, शाळेच्या ट्रॅकसूटवर. माझ्या सासूनं विचारलं, काय काम काढलं? तुम्ही म्हणालात, "वन्संना न्यायला आले." कपडे भरताना माझे हात चालेनात, तर तुम्ही बॅग भरलीत. घरी आल्यावर स्वतःच्या कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून दिलेत. नणंद कायमची परत आली म्हणून कुठली भावजय कपाट रिकामं करते? लोक कुजबुजले तेव्हा तुम्ही दुकानात उभं राहून मोठ्यानं म्हणालात, "आमच्यात एक माणूस कमी होतं, आलं." मी त्या दिवशी तुम्हाला काहीच म्हणाले नाही. नंतरही राहूनच गेलं.

आता तनूचं ऐका.

तुमचे दिवस झाल्यावर सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं दादा आणि मी गेलो. काय झालं ते तरी कळावं म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, बाईंना मूल आहे का? अशा वेळी रक्ताच्या माणसांची तपासणी करतात म्हणाले.  परत येताना तुळजापूरच्या घाटात मी तनूचा विचार करत होते. तुमची पोर तुमच्यासारखीच पळते, मान जराशी डावीकडं कलती. सातवीत गेली आणि शाळेच्या संघात आली. जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आहेत.

घरी येऊन मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तनू, पळायच्या आधी तुला काही होतं का गं?"

"धडधडतं की."

"किती?"

"लई. मम्मी म्हणायची, मलाबी व्हायचं. म्हणजे आपण जिंकणार."

वैनी, कुठल्या लेकराला शर्यतीआधी धडधडत नाही? सगळ्यांनाच होतं. मी हे स्वतःला दिवसभर सांगत होते. पण ती जिना चढून आली की माझं लक्ष तिच्या गळ्याच्या शिरेकडं. ती दाराआड हसली तरी मी दचकायची. तिला पळू नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार, आणि पळू द्यावं तर मैदानावर कोण उभं राहणार? एकदा ती शाळेतून धावत आली, "आत्या, मी संघात पक्की झाले!" आणि मी तिला जवळ घेतल्यासारखं करून तळवा तिच्या पाठीवर टेकवला. ठोके मोजायला. तिला ते कळलं. ती बाजूला झाली.

आईनं अणदूरच्या खंडोबाला नवस बोलून ठेवला. दादानं तपासणीची तारीख घेतली. आम्ही चौघंही सोलापूरला गेलो.

पळायचा पट्टा होता, त्यावर तनूला उभं केलं. छातीवर तारा चिकटवल्या. पडद्यावर तिचे ठोके दिसायला लागले, धावदोरा घातल्यासारखे, एका मापाचे. मी या वेळी पाठ फिरवली नाही, वैनी. सगळं बघितलं. आधी ती चालली, मग भराभर चालली, मग पळायला लागली. मान डावीकडं. दवाखान्यातली बाई म्हणाली, "बाळ, काही वाटलं तर लगेच सांग."

"वाढवा," तनू म्हणाली.

वेग वाढवला. धावदोरा नीट. दादाचे ओठ हलत होते. मला वाटलं, झालं, पोरगी सुटली. मी आईचा हात दाबला.

"अजून वाढवा."

आणि मग एक टाका वाकडा पडला. मग एक नीट. मग दोन वाकडे, आणि मग ते एकमेकांवर चढायला लागले. डॉक्टर खुर्चीतून उठले. "बंद करा." पट्टा हळू झाला. तनू ओरडली, "मी दमले न्हाई! का बंद केलं? मी अजून पळू शकते!" तिला खरंच काही होत नव्हतं. गाल लाल, डोळे चमकत होते. दादा भिंतीला टेकून खालीच बसला.

डॉक्टरांनी तिलाही समोर बसवूनच सांगितलं. ते मला आवडलं. काळजाच्या ठोक्यांची आतली जी वीज असते, तिच्यात जन्मापासूनचा दोष. बसलं की दिसत नाही, जोर केला, घाबरलं, फार आनंद झाला की उसळतो. रोज गोळी घ्यायची, दर काही महिन्यांनी दाखवायचं. शाळा, खेळणं, हिंडणं चालेल. शर्यत नाही.

मग त्यांनी विचारलं, "आईला धडधड व्हायची का?"

 आई म्हणाली, "व्हायची. आमी सगळे तिला भित्री म्हणायचो."

तनूनं मान वर केली. "म्हणजे मम्मी भीत नव्हती?"

डॉक्टर म्हणाले, "भीत असेलही. दोन्ही असू शकतं. आता नाही सांगता येणार, बाळ."

तेव्हापासून तेच माझ्या डोक्यात घोळतंय. तुम्ही भीत होता की नाही हे तुम्हालाही कधी कळलं नसेल. ती उसळी घेऊन तुम्ही धरणाची भिंत पळालात, राज्य जिंकलंत, आमच्या घरी आलात. तुम्ही सातवीत असताना कुणी तुम्हाला त्या पट्ट्यावर उभं केलं असतं, तर तुम्ही माकणीत कुठंतरी पंचाहत्तरीसुद्धा गाठली असती. पण मग पोहे समोर ठेवून अट घालणारी ती मुलगी कुठून आली असती? मी रोज यातलं एक निवडून बघते. तुम्ही जिवंत हव्या होता, असं म्हणते, आणि लगेच वाटतं, कुठल्या तुम्ही? उत्तर येत नाही. गच्चीवरचं भांडण तुमच्यामाघारी मी एकटीच भांडते आहे.

तनू माझ्यावर चिडली. दादावर नाही, आईवर नाही, माझ्यावर. तपासणीचा धोशा मीच लावला होता, हे तिला माहीत आहे. परवा शाळेचा संघ धाराशिवला निघाला. टेम्पो आपल्या दारावरून गेला आणि पोरींनी तिच्या नावानं हाका मारल्या. ती खिडकीतनं हलली नाही. टेम्पो गेल्यावर माझ्याकडं वळली.

"मम्मीला पळू दिलं सगळ्यांनी. मला न्हाई."

"तनू, तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं."

"मग मलाबी कळायला नको होतं."

 याचं उत्तर ठाऊक असतं तर गच्चीवर तुम्हाला तरी तेव्हा सांगितलं नसतं का? ती आत गेली. दोन दिवस माझ्या हातचं जेवली नाही. आई वाढेल ते खायची. गोळी मात्र घ्यायची, आई समोर बसायची म्हणून.

आज सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. ती येऊन पायरीवर बसली.  मग म्हणाली, "आत्या, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"मम्मी असती तर तिनं मला थांबवलं असतं?"

वैनी, मी एक क्षणही थांबले नाही. ओला टॉवेल हातात होता, तो खाली सोडला आणि म्हणाले, "हो. पहिल्याच दिवशी."

"शप्पथ?"

"तुझ्या मम्मीची शप्पथ."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग उठली, घरात गेली आणि आईनं हाक मारायच्या आधी स्वतःच गोळी काढून घेतली. पाण्याचा घोट घेताना तिचा आवाज मला अंगणात ऐकू आला.

तुमच्या नावानं मी उत्तर देऊन टाकलंय, वैनी. तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत नाही.